चंदेरी कागदातला ट्रान्झिस्टर

ऐन गाळपात आमच्या साखर कारखान्यातलं रसाची आम्लता मोजणारं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला पुण्याहून एक बाई आल्या. श्रीरामपूरच्या स्टँडवर मी त्यांच्या हातातली छोटी डबी घ्यायला हात पुढे केला, तर त्या दचकून मागे सरल्या. डबीत चंदेरी कागदात गुंडाळलेला, यंत्रात बसवायचा इवलासा ट्रान्झिस्टर होता, त्याच्या पायांना एकत्र बारीक तारेचा वेढा घातलेला.

"थंडीत लोकरीतून ठिणगी उडते ना, तेवढ्यानं हा मरतो, म्हणून हा वेढा. पहिला माझ्याच बोटानं गेला. आता हा एकच उरलाय."

कारखान्यात त्यांनी आधी स्वेटर काढला, अंगातली वीज उतरवायला नळाला हात लावला आणि ट्रान्झिस्टर जोडून झाल्यावरच वेढा सोडवला. बटण दाबलं. काटा थरथरला, पुढे सरकला.

"हालला वो बाई, हालला!" मी ओरडलो.

त्यांनी टाळ्याच पिटल्या. "आता मला रस द्या. मोजू नका, पोटभर द्या!"