दुसऱ्याच्या निबंधात टाकलेले डॅश

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एका मुलीच्या कॉलेजप्रवेशाच्या निबंधात मी डॅश टाकले होते, आणि त्याबद्दल मला विचारलं गेलं तेव्हा मी खोटं बोललो.

मेहकरला मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. मुलगी जवळच्या बीबी गावची, रोज एसटीनं यायची. वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. बंगलोरच्या एका खासगी विद्यापीठात पूर्ण फी माफ होऊन फिजिक्स शिकायला मिळणार होतं. त्यासाठी स्वतःबद्दल इंग्रजीत एक निबंध पाठवायचा होता. आमच्याकडून तिथं आधी कोणी गेलेलं नव्हतं. असा निबंध कसा असतो हे मलाही माहीत नव्हतं, पण ते कबूल कोण करणार?

तिनं लिहिलं होतं, मराठीत सांगायचं तर, असं. बाबा मोटर उघडतात. जळालेल्या तारेचा वास येतो. मी नवी तार गुंडाळते. वेढे चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. सगळीकडे नुसता पूर्णविराम. मला ते पाचवीतल्या पोरीचं वाटलं.

आमच्याकडे उत्तरपत्रिका सजवायची रीत आहे. नीट समास, मुद्द्याखाली रेघ, उत्तर संपलं की पट्टी लावून आडवी ओळ. तपासणारा थकलेला असतो, त्याला पान आवडलं पाहिजे, हे मीच मुलांच्या डोक्यात भरत आलो. तसाच मी तिचा निबंध सजवला. पूर्णविराम खोडले, वाक्यं जोडली आणि मधे लांब लांब डॅश टाकले, इंग्रजी पेपरच्या अग्रलेखात असतात तसे.

प्रिंट न्यायला बापलेक दोघं आले. वडिलांना इंग्रजी येत नाही. कागद लांब धरून हसत म्हणाले, "सर, हे मधात मधात वायर काऊन तोडले?"

"शोभा येते त्यानं," मी म्हणालो.

पोरगी हळूच म्हणाली, "सर, पण मी असं नाही लेहेत."

"तुले बंगलोरले जायचं हाय, का बीबीतच तारा गुंडाळायच्या हायत?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

वडील पुन्हा हसले. ती हसली नाही. निबंध तसाच गेला.

तिची मुलाखत आमच्याच कॉम्प्युटर लॅबमध्ये, ऑनलाइन झाली. त्या आठवड्यात मला विद्यापीठातून फोन आला, कारण शिफारस माझी होती. प्रवेश विभागातल्या एक मॅडम नम्रपणे बोलत होत्या. असे डॅश दिसले की हल्ली निबंध मशीनकडून लिहून घेतल्याची शंका येते. मुलगी म्हणते मीच टाकले, पण का टाकले ते तिला सांगता आलं नाही. ती वर्गात असं लिहिते का?

'मी टाकले,' एवढंच म्हणायचं होतं. समोर प्राचार्य चहा पीत बसले होते. कॉपीमुक्तीचं भाषण दरवर्षी मीच करतो. मी म्हणालो, "मी फक्त शिफारस लिहिली, मॅडम. मुलांच्या हातात मोबाइल असतो. काय सांगणार."

तिचा प्रवेश नाकारला गेला. दुसरीकडे अर्ज कर असं मी तिला सांगितलंच नव्हतं, इतकी मला खात्री होती.

नंतर ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, त्यायनं इचारलं, इथं डॅश काऊन टाकला. मले सांगता नाही आलं. तुमचं नाव नाही घेतलं म्या. काय सांगाचं होतं?"

 मी म्हणालो, "जाऊ दे. त्या लोकांना गावाकडची पोरं नकोच असतात."

तिनं मान डोलावली. तिला ते पटलं, हे मला सगळ्यात जड जातं. तिनं विज्ञान सोडलं. आता इथंच बी.ए. करते. वाटेत दिसली तर नमस्कार करते. वडील भेटले की म्हणतात, "सर, तुम्ही लय केलं पोरीसाठी. तिचंच नशीब नाही." आणि मी ऐकून घेतो.

त्या फोनवर मी काय बोललो, हे त्या दोघांना समोर बसून सांगायचं देणं मी लागतो. तिचा पहिला निबंध चांगला होता, हेही. अजून सांगितलेलं नाही.