रिकाम्या खुर्चीचा उमेदवार

दाराची बेल अशी वाजली की मला वाटलं, इमारत कोसळतेय आणि कुणीतरी शेवटचं सांगायला आलंय. दार उघडलं तर आधी एक बॅग आत आली, मग दुसरी, मग नकाशांचं एक लांबलचक नळकांडं. एवढ्या सामानाला कुणीतरी ढकलत असणार म्हणून वाकून पाहिलं, तर मागे एक मुलगा सापडला. त्याने माझ्या पायांवर अशी झेप घेतली की मी चपलांच्या स्टँडवर जाऊन बसलो.

"काका, नमस्कार! बसस्टॉप कुठल्या बाजूला? उद्याचा रस्ता आजच बघून येतो."

आणि चहाला उकळी फुटायच्या आत तो गेलासुद्धा.

हा माझ्या साडूचा मुलगा. आमच्या परदेशातल्या बिऱ्हाडी राहून एका कंपनीत उमेदवारी करायला आलेला. बिनपगारी, फुल अधिकारी असं आपण म्हणतो; याला अधिकार राहू दे, खुर्चीसुद्धा नव्हती. कंपनी लोकांची ऑफिसं सजवून द्यायची. हा दिवसभर नकाशांत खुर्च्या मांडायचा आणि स्वतः, जो रजेवर असेल त्याच्या जागेवर बसायचा. सगळे हजर असले की लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर आणि हा उभा. त्यामुळे ऑफिसात कुणी शिंकलं की याचा चेहरा उजळायचा.

घरीही तेच. जेवताना दहादा उठायचा, सोफ्याच्या काठावर टेकून पाय हलवायचा.

"अरे भिंगरी, बूड टेकव की जरा!"

"नको काका, सवय लागेल."

"आणि पगाराचं काय?"

"साहेब म्हणालेत, जागा रिकामी झाली की बघू."

आणि जागा रिकामी होणार होती! नकाशे तपासणाऱ्या बाईंना दिवस गेले होते. भिंगरीने त्यांची जी काळजी घेतली ती त्यांच्या नवऱ्यानेही घेतली नसेल. एकदा माझ्या बायकोला म्हणाला, "मावशी, सातव्या महिन्यात पाठ फार दुखते का गं?"

"दुखते. पण तू का कमरेवर हात ठेवून चालतोयस?"

बाई रजेवर गेल्या. भिंगरीने त्यांच्या खुर्चीची उंची आपल्या मापाची करून घेतली. त्या आठवड्यात तो घरी मांडी घालून, शेवटच्या घासापर्यंत बसून जेवला. आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो.

बाळ झालं, आणि काही दिवसांनी साहेबांनी बोलावलं. हा इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

साहेब म्हणाले, "बाई आता घरूनच काम करतील. त्यांना त्यांची नेहमीची खुर्ची हवीय. तुम्ही तरुण आहात, पोचवून द्याल का?"

बाईंच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. संध्याकाळी भिंगरी दारात उभा राहिला तेव्हा शर्टाची पार रया गेली होती.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही काका. चाकांची खुर्ची जिन्यावरून नेताना उलटी धरायची असते."

"आणि बाळ?"

"छान आहे. एका जागी राहत नाही म्हणे. सारखे पाय हलवतं."

महिनाअखेरीस त्याचा व्हिसा संपला आणि तो परत गेला.