राक्षसाची बदली

जव्हारच्या ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवत होतो, तेव्हा नाशिकहून एक जुना कॉम्प्युटर आणला. एसटीच्या मागच्या सीटवर मॉनिटर मांडीवर घेऊन बसलो होतो. घाट संपेपर्यंत कंडक्टर येता-जाता थांबून म्हणायचा, "सर, टीव्हीला धक्का लागू देऊ नका."

खोलीवर आणून जोडल्यावर प्रश्न पडला, आता याचं करायचं काय? इंटरनेट नव्हतं. प्राचार्यांनी मोठ्या हौसेने कॉलेजचं वेळापत्रक त्यावर करून मागितलं. छापून दिलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. आता हेच चांगल्या अक्षरात लिहून द्या."

मग मला हॉस्टेलवरचा एक खेळ आठवला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि एकाने गोष्ट सांगायची. तुम्ही जंगलात आहात, पुढे गुहा आहे, बोला, काय करता? ज्याचं पात्र त्याने सांगायचं. ते त्याला जमलं की नाही, हे फासा ठरवणार. फक्त हा फासा वीस बाजूंचा लागतो. जव्हारच्या बाजारात मी तसा फासा मागितला, तेव्हा दुकानदाराने लुडोचा डबा पुढे केला. "सहा बाजूंत भागवा की, सर. वीस कशाला?"

तिथे कॉम्प्युटर कामाला आला. एक्सेलच्या एका चौकोनात मी सूत्र बसवलं. एफ-नाइनचं बटण दाबलं की एक ते वीसमधला कुठलाही आकडा यायचा. मोठा आला की जमलं, लहान आला की फसलं. बाजूच्या रकान्यांत राक्षसाची ताकद, गावची माणसं, हवामान, सगळं भरून ठेवलं. पावसाळ्यात आमच्याकडे धुकं असं उतरतं की समोरचं घर आहे की पाडलं ते कळत नाही. अशा रविवारी दुपारी माणसाला राक्षसाचीही सोबत चालते.

खेळायला दोघे मिळाले. एक बँकेतले कॅशिअर, घाटावरचे, जव्हारला आल्यापासून बदलीच्या प्रयत्नात असलेले. दुसरे जवळच्या साखरशेत गावचे, शेतकऱ्याच्या घरचे, पण आता एका सरकारी कार्यालयात लिपिक. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. कॅशिअर योद्धा झाले, भाऊसाहेब जादूगार. मी गोष्ट सांगायला घेतली. डोंगरावर एक गाव आहे, गावाला एकच झरा आहे, आणि त्या झऱ्यावर एक राक्षस येऊन बसला आहे. गाव तहानेने व्याकूळ झालं आहे. शूरवीरहो, काय करता?

शूरवीरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हा झरा कुणाच्या हद्दीत येतो?" योद्ध्याने विचारलं.

मी म्हटलं, डोंगराच्या.

"डोंगर अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे असेल," जादूगार म्हणाले. "तिकडच्या बाजूला असेल तर आपण हात लावायचा नाही. उद्या अंगाशी येतं."

पहिला रविवार हद्द ठरवण्यात गेला. एफ-नाइन दाबून हद्द आमच्या बाजूला काढली, तर पुढच्या रविवारी भाऊसाहेबांनी मंत्र म्हणायला नकार दिला. तोंडी सांगण्यावरून ते मंत्र म्हणत नसत. राजाचा लेखी आदेश हवा. मी राजा होऊन आदेश काढला. त्यावर कॅशिअर म्हणाले की एवढी घाई करण्यापेक्षा तूर्त गावाला टँकर सुरू करू.

"टँकर कुठून येणार?" मी कळवळून म्हटलं. "ही पुराणकाळची गोष्ट आहे."

"बैलगाडीवर पिंपं लावा. टँकरच तो."

लावली. ठेका योद्ध्याच्या मेव्हण्याला मिळाला. हा मेव्हणा गोष्टीत आधी नव्हता, तो खास त्यासाठी जन्माला आला. चार बैलगाड्या सुरू झाल्या आणि खेळात पहिल्यांदा उत्साह आला. कुठल्या पाड्याला आधी, कुठल्या पाड्याला मागून, यावर दोघे आवाज चढवून भांडले. मी हळूच आठवण करून दिली की राक्षस अजून झऱ्यावर बसला आहे. कॅशिअर माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "सर, तुम्ही गणिताचे. राक्षस मारला तर टँकर बंद पडेल, हे लक्षात येत नाही का तुमच्या?"

खरं सांगायचं तर मला रागच आला होता. राक्षसावर मी मेहनत घेतली होती. त्याची नखं, त्याचा श्वास, प्रत्येकाला वेगळा रकाना होता. आणि तो बिचारा पूर्ण ताकदीनिशी नुसता बसून होता.

मग एका रविवारी कॅशिअरांच्या पत्नी आल्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, शाळा सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर. आठवडाभर तिकडे राहायच्या आणि शनिवारी जव्हारला यायच्या. एकुलता रविवार नवरा कुणाच्या खोलीवर घालवतो, हे बघायला आल्या होत्या. पदर खोचून दाराशी उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "अहो, पाणी अडलंय ना? आणि तुम्ही बैलांच्या वैरणीवर बोलताय?"

"तुला नियम माहीत नाहीत," कॅशिअर म्हणाले.

"मग सांगा. मी पण खेळते. भावजी, मी कोण होऊ?"

मी म्हटलं, वहिनी, तिरंदाज व्हा, राणी व्हा.

"त्या गावात पाण्याला जाणारी बाई असेल ना? ती मी."

मी कॉम्प्युटरवर नवी ओळ केली. हत्यार, काही नाही. जादू, काही नाही. सामान, एक हंडा. वहिनी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "निघाले." ना हद्द विचारली, ना आदेश. थेट झऱ्यावर. मी जमेल तेवढा घोगरा आवाज काढून राक्षसाची डरकाळी फोडली. वहिनींनी विचारलं, "काय रे, तू इथे का बसलायस?"

माझी पंचाईत झाली. नखं होती, श्वास होता, 'का'चा रकानाच नव्हता. मी स्क्रीनकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं, आणि तोंडातून निघून गेलं, "माझी इथे बदली झालीय."

भाऊसाहेबांनी हातातला चहा खाली ठेवला.

"किती दिवस झाले?" कॅशिअरांनी हळू आवाजात विचारलं.

"बरेच," राक्षस म्हणाला. "घरचे तिकडे आहेत. विनंती केली होती. कुणी दाद देत नाही."

एवढ्यावर योद्ध्याची तलवार म्यान झाली. घरी आईवडील वृद्ध असतील तर तसं लिहायचं, आजारपण असेल तर त्याचा दाखला जोडायचा, असा सल्ला कॅशिअर राक्षसाला म्हणजे मला देऊ लागले. भाऊसाहेबांनी मसुदा सांगायला घेतला, 'दुर्गम भागात विनातक्रार सेवा बजावली असून.' मी म्हटलं, विनातक्रार कसं? आख्खं गाव तक्रार करतंय. ते म्हणाले, "गावाची तक्रार वेगळी. याने तक्रार केलेली नाही ना?"

"आणि पाण्याचं काय?" वहिनींनी विचारलं. कुणी ऐकलं नाही.

अर्ज मंजूर होतो की नाही, हे कॉम्प्युटरने ठरवावं असं ठरलं. कॅशिअरांनी स्वतः एफ-नाइन दाबलं. दोन आला. नामंजूर. दोघांचे चेहरे इतके पडले की मला परत दाबा म्हणावंसं वाटलं, पण कॅशिअर म्हणाले, "नाही सर. मशीनने दिलं ते दिलं." माणसाने नाकारलं असतं तर त्यांनी वर दाद मागितली असती. मशीनच्या वर कोण आहे, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात वीज गेली. स्क्रीन काळी झाली. आता थांबावं लागणार, असं भाऊसाहेब म्हणाले.

"थांबायचं कशाला?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय रे, बदली होईल तेव्हा होईल. तोवर जरा सरकून बस की. हंडा लावायला जागा कर."

मी राक्षस. मी खुर्चीवरच थोडा सरकलो.

"लागला हंडा," वहिनी म्हणाल्या. "भरला. मागच्या बायांनो, या."

मला फार हलकं वाटलं. इतक्या रविवारांत पहिल्यांदा गोष्टीत काही घडलं होतं. पण योद्धा आणि जादूगार अस्वस्थ होते. आकडा न काढता राक्षस सरकलाच कसा, असा त्यांचा मुद्दा होता. वाद चालू असतानाच वीज आली. मी कॉम्प्युटर चालू केला. फाइल सेव्ह केलेली नव्हती. स्क्रीनवर जुनंच चित्र उभं राहिलं. राक्षस झऱ्यावर, ताकद पूर्ण. हंडा, बाई, काहीच नाही.

"बघा," भाऊसाहेब म्हणाले. "रेकॉर्डला नाही."

"सॉरी गं," कॅशिअर बायकोला म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं असावं. "पण रेकॉर्डला नाही."

वहिनी उठल्या. चपला घालताना एवढंच म्हणाल्या, "जेवायला घरी या, ते पण रेकॉर्डला लावून घ्या."

खेळ त्यानंतर दिवाळीपर्यंत रखडत चालला. मग कॅशिअरांची बदली खरोखरच झाली, घाटावर, त्यांना हव्या त्या गावी. निरोपाच्या चहाला ते भरभरून बोलले, जव्हारची हवा, जव्हारची माणसं. वहिनींच्या बदलीचं मात्र लगेच जमलं नाही. त्या पाड्यावरच राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मोखाड्याला काम होतं, म्हणून वाकडी वाट करून त्यांच्या शाळेवर गेलो. ओट्यावर पोरं गोल करून बसली होती आणि मधे फोडून अर्धे केलेल्या चिंचोक्यांचा ढीग होता. वहिनी गोष्ट सांगत होत्या. आमचाच खेळ, कॉम्प्युटर सोडून. चिंचोके उधळायचे, पांढरी बाजू किती वर पडली ते मोजायचं, की झालं.

एक मुलगा बाजूला उलट्या घमेल्यावर ऐसपैस बसला होता. त्याने डोळ्यांना काळा चष्मा असल्यासारखी बोटं धरली होती. दुसरी पोरं त्याला पाणी सोडा म्हणून विनवत होती आणि तो प्रत्येकाला एकच उत्तर देत होता, "पाहतो."

"हा राक्षस का?" मी विचारलं.

"राक्षस कुणी पाहिलाय यांनी?" वहिनी म्हणाल्या. "साहेब केलाय त्याचा."

मी त्या मुलाजवळ जाऊन विचारलं, साहेब, इथून उठणार कधी? त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"जीप आली का उठतो," तो म्हणाला.