नेऱ्याच्या चुलीपाशी मोजणी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नवीन पनवेलला राहायचे आणि एका संशोधन संस्थेत हंगामी नोकरी करायचे. शेतकरी घरं खरोखर किती खातात, याचा अभ्यास चालू होता; त्यावरून रेशनचं धोरण सुचवायचं होतं. माझ्या वाट्याला नेऱ्याजवळचं एक गाव आलं. सकाळच्या एसटीने जायचं आणि चुलीवर चढण्याआधी तांदूळ, डाळ, मासळी स्प्रिंगच्या काट्याला टांगून मोजायची. मला हे काम भलतंच आवडायचं. कचेरीत बसून बेरजा करायच्या म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्या पडत.

पहिले भरमसाट आकडे बघून संस्थेतले माझे सर म्हणाले, "हे गाव आहे की लग्नाचा मांडव? पुन्हा असंच आलं तर गाव वगळू आणि तुला कचेरीत बसवू."

माझा तिळपापड झाला. काटा तर चोख होता! मग उलगडा झाला. मोजणी म्हणजे गावाच्या इभ्रतीचा प्रश्न झाला होता. शेजारणीने कोलंबी टांगली की हिच्याकडे कोंबडी ठरलेली. त्यात मी पाहुणी, म्हणजे बघायलाच नको.

दुसऱ्या दिवशी, माझ्यासाठी काही खास रांधू नये म्हणून, एका मावशींच्या घरी मी उपवासाची थाप मारली. त्यांनी तडक साबुदाणा मागवला आणि घरातली मासळी झाकून ठेवली. "तुज्यासमोर म्हावरा कसा शिजवाचा?"

आता मात्र मी भडकले. "मावशी, माझं काम जाईल हो! मी पाहुणी नाही. रोजचं असेल तेच करा."

"पावनी नाय? मंग बसलीस काय? तांदूल निवड."

त्या दिवसापासून मी तांदूळ निवडू लागले, आणि पानात शिळी भाकरी आणि सुकट येऊ लागली. मावशींनी गावभर सांगितलं, तशी बाकीच्या घरांतही मला कामं मिळू लागली. मी जाम खूश होते. आकडे मात्र इतके खाली आले की सरांना तेही पटेनात. ते स्वतः तपासायला आले.

मावशींच्या ओटीवर सरांना पाट मांडला. आत कोंबडी रटरटत होती. सगळं मुसळ केरात! मी सुकटीचं ताट घेऊन चुलीजवळ बसते न बसते तोच मावशी खेकसल्या, "खातेस काय आदी? पावन्याला वाड, ऊठ!"

मी माझं ताट ओटीच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि सरांना वाढलं. सरांनी आपल्या पानातली कोंबडी बघितली, माझ्या पानातली सुकट बघितली आणि हसू दाबत म्हणाले, "आजचं मोजू नकोस, आज घरात पाहुणा आहे. उद्यापासून तुमचं रोजचं चालू दे."