पाय लागू नये म्हणून

होडीच्या पोटात स्वतःचे पाय आणि होडीच्या पाठीवर अख्खा संसार घेऊन निघणारा माणूस भूतलावर एकच असावा, आणि तो अंबरनाथला आमच्या शेजारी राहत असे. वडिलांचे हे मित्र कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत. तेथे केसाएवढी चूक न खपवणारे काका घरी येताना ती अचूकता चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत.

एका विलायती मासिकात त्यांनी समुद्रात जाणारी अरुंद होडी पाहिली: वरून पूर्ण मढवलेली, मधोमध माणूस कमरेपर्यंत शिरेल एवढेच भोक. झाले! अंगणात बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा राहिला. त्यावर चढवायला जुन्या लष्करी छावणीतले कॅनव्हास आणण्यासाठी ते मला घेऊन उल्हासनगरला गेले. "साईं, तंबू बनाना है?" सिंधी दुकानदाराने विचारले. "होडी," काका म्हणाले. त्या भल्या माणसाने त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "साईं, मेरी मानो, तंबूच बनवा."

या खटाटोपामागे काकांची थोरली बहीण होती. उल्हास नदी जेथे समुद्राला मिळते, त्या वसईच्या खाडीकाठी ती एकटी राहत असे. दर दिवाळीला कारखान्याचे काही ना काही आडवे येई आणि भाऊबीज राहून जाई. आता ती थकत चालली होती. यंदा जायचेच, आणि बदलापूरहून थेट तिच्या दारापर्यंत पाण्याने जायचे, असे काकांनी ठरवले. तिने भावाकडे आयुष्यात एकच वस्तू मागितली होती: इकडच्या काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा. तिकडे सगळी वाळू!

नरकचतुर्दशीचे अभ्यंग उरकून आम्ही बदलापूरच्या काठावर जमलो. काकांनी फराळाचे डबे, समई, छत्री, बहिणीचे लुगडे आणि एक पोथी होडीच्या पाठीवर सुतळीने आवळली, आणि या सर्वांच्या शिखरावर पाटा-वरवंटा चढवला. होडीचे पोट मात्र रिकामे होते. काठावरचा एक म्हातारा कोळी कौतुकाने म्हणाला, "सायेब, ही होरी हाय का बैलगारी?"

मी नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती. गप्प राहणे शक्यच नव्हते. "काका, गुरुत्वमध्य फार वर गेलाय. पाटा आत, तळाशी ठेवा. म्हणजे होडी स्थिर राहील."

"तळाशी माझे पाय आहेत."

"मग?"

"मग काय? ताईच्या पाट्याला पाय लावू? अन्न वाटायचंय तिला त्याच्यावर!"

"फडक्यात गुंडाळा."

"फडक्यातून पाय लागत नाही असं तुमच्या कॉलेजात शिकवतात वाटतं?"

तेव्हा कोठे त्यांच्या रचनेमागचा सिद्धान्त माझ्या ध्यानात आला. ज्याला पाय लावायचा नाही ते वर. आणि काकांच्या संसारात पाय लावण्याजोगे काहीही नव्हते. इतका सुसंगत आणि इतका बुडीत सिद्धान्त मी पुन्हा पाहिला नाही.

काका भोकात शिरले, त्यांनी वल्हे उचलले आणि होडीने अत्यंत शांतपणे, जणू कूस बदलावी तशी, पालथी होऊन दाखवली. कोळ्याने काकांना ओढून काढले. डबे तरंगत आले, लुगडे हाती लागले, पोथी भिजून फुगली. पाटा-वरवंटा मात्र डोहात गेला. म्हाताऱ्याने बुड्या मारल्या, पण व्यर्थ.

ओझे उतरल्यावर होडी पाण्यावर सुरेख बसली. "आता निघा, काका," मी म्हणाले. माझे गणित खरे ठरल्याचा आनंद मला लपवता येत नव्हता. ते ओल्या धोतराने काठावर बसून राहिले. "हात हलवत जाऊ?" एवढेच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी वाळलेले लुगडे घेऊन ते गाडीने गेले.

परतल्यावर मी विचारले, "पाट्याचं काय सांगितलंत?"

"ओवाळताना तिनंच विचारलं," काका म्हणाले. "म्हटलं, निघालाय. पाण्याने येतोय, वेळ लागेल. तर म्हणाली, येऊ दे सावकाश, तू आलास ना."