सवच्या वाटेवरचा रिक्षावाला

आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही महाडहून सवच्या गरम कुंडावर जातो. रिक्षावाला ठरलेला. वाटभर आरशात बघून बडबडतो, कुंडाशी मात्र पाण्याकडे पाठ करून बसतो.

काल पोलादपूरची एक बाई सुजल्या गुडघ्यांच्या मुलीला घेऊन आमच्याच रिक्षात बसली.

"ताई, आधी हिचा घसा दुखलेला काय?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"हा. तापपन होता."

त्यानं रिक्षा थेट सरकारी दवाखान्याकडे वळवली. मी चिडलो.

त्यानं आरसा बाजूला फिरवला. "माझ्या पोरीचं गुडघं सवलाच बरं झालं, सर. पण घशातलाच आजार गुडघ्यांतून काळजात उतरलेला, ते ती गेल्यावर डाक्टर बोलला. तोवर कौतुकानं दुसऱ्यांची पोरं मीच तिथं नेत होतो."