कानमिस्त्रीला ऐकू न आलेली फुसफुस

गणिताच्या बाईंची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात आली, तेव्हा कानमिस्त्रीने दुसऱ्या गाडीखालून बाहेर यायला जरा जास्तच वेळ लावला.

"मिस्त्री, तोच इंजिनाचा पिवळा दिवा," बाई म्हणाल्या. "शाळेच्या फाटकातच लागला. पोरं हसली. तुम्हाला पुन्हा गृहपाठ द्यायचा का आता?"

मेहुण्याने स्कॅनर लावला. गॅरेज त्याचं, वरच्या दोन खोल्याही त्याच्या. त्याची बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे मिस्त्री, तिथे राहत. बिघाडाचा कोड तोच आला : इनटेक मॅनिफोल्डची झडप जागेवर नाही. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. त्यातल्या झडपा इंजिनाच्या वेगाप्रमाणे हलतात. मिस्त्रीने आधी सेन्सर बदलला होता, मग झडपा साफ केल्या होत्या. दोन्ही वेळा चार दिवस दिवा विझला आणि पाचव्या दिवशी हजर.

कोड म्हणजे शेजारणीची चुगली, असं मिस्त्री एके काळी म्हणायचा. भांडण कोणत्या घरात झालं ते कळतं, सुरू कोणी केलं ते नाही. ते त्याला कान सांगायचा. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. अर्ध्या मिनिटात निकाल. त्यावरूनच हे नाव पडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. बायको धावत आली आणि तिने गॅसचं बटण बंद केलं. "अहो, केव्हाची फुसफुस चाललीय! शेजारी बसून ऐकू येत नाही?" आलं नव्हतं. इंजिनाचे ठोके त्याला अजून ऐकू येत. बारीक आवाज तेवढे गेले होते.

"दादाच्या कानावर घाला," ती तेव्हापासून म्हणत होती.

"माझ्या कानाचं त्याच्या कानावर घालू? उद्या हातात झाडू देईल. मग राहायचं कुठे?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने आडवाट काढली. धुराचं मशीन घे म्हणून सहा महिने तो मेहुण्याच्या मागे लागला होता. नळ्यांत धूर सोडायचा, जिथून बाहेर येईल तिथे चीर. तिथे कानाचं काम नाही. मेहुणा कसाबसा तयार झाला होता. येत्या सोमवारी विक्रेता मशीन दाखवायला येणार होता.

पण आज मंगळवार होता आणि बाई स्टुलावर बसल्या होत्या.

"जावईबापू, लावा कान," मेहुणा म्हणाला.

मिस्त्रीने पेचकस टेकवला, डोळे मिटले. ठोके आले. बाकी काही नाही. त्याने डोळे उघडले आणि दिसतं ते बघायला घेतलं. झडपा ओढणारी बारीक दांडी इंजिन चालू असूनही जागची हलत नव्हती. तिला ओढ देणारी रबरी नळी मॅनिफोल्डच्या मागून, हात जेमतेम शिरेल अशा फटीतून येत होती. नळी फुटली असेल तर ती तिथे हवा आत ओढत असणार.

त्याने खिशातल्या पेपराची कडा फाडली. ती पट्टी चिमटीत धरून नळीच्या कडेकडेने नेली. वाकणापाशी, खालच्या अंगाला, पट्टी नळीला चिकटून बसली. त्याने बोट सरकवून ती जागा दाबली. दांडी खटकन मागे गेली.

"नळी फुटलीय," तो बॉनेटखालूनच म्हणाला. "सेन्सर, झडपा, सगळं ठीक होतं."

"बघा बाई!" मेहुण्याने टाळी वाजवली. "स्कॅनरला तीनदा कळलं नाही, आमच्या मिस्त्रीला फुसफुस ऐकू आली!"

मिस्त्री सरळ उभा राहिला. पट्टी अजून चिमटीत होती. "दादा, कान नाही. कागद..."

"कागद नंतर करू रे. आधी नळी बदल."

"मी काय म्हणतो..."

पण मेहुण्याने फोन कानाला लावला होता. "हां, सोमवारचं राहू द्या. मशीन नको. अहो, घरात कान असताना विकत धूर कशाला आणू?" बाई हसल्या. मेहुणाही आपल्याच विनोदावर हसला.

नळी बदलली. दिवा विझला आणि बाई गेल्या. पुढच्या आठवड्यात दिवा पुन्हा लागला नाही, हे त्यांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं. शाळेची बस आली, मग बसवाल्याच्या भावाची व्हॅन आली. "कान कोणता?" असं विचारतच भाऊ आत शिरला.

मेहुण्याने बाकीची इंजिनं बंद करायला लावली. मिस्त्रीने पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"आलं का काही ऐकू?" मेहुण्याने विचारलं.

"जरा गप्प बसा," मिस्त्री म्हणाला.

सगळे गप्प बसले.